साडी, सही आणि वीस बाय तीस

पत्रक लिहायचं असेल तर मला अर्धा तास पुरतो. वर ठळक अक्षरांत एक प्रश्न, खाली सहा मागण्या, शेवटी सभेची जागा आणि वेळ. उद्गारचिन्हं लागतील तेवढी. हा लेख लिहायला मात्र तीन महिने लागले. दिवाळी अंकाच्या संपादकांनी बजावलं होतं, "अनुभव लिहा, मागण्या नकोत." मागण्या काढून टाकल्यावर माझ्याकडं काय उरतं ते बघण्यातच दिवस गेले. जे उरलं ते चकली खात वाचण्यासारखं नाही. तरी लिहितो, कारण ते पत्रकात बसत नाही.

आधी कामाचं सांगतो. जालन्यात एका झेरॉक्सच्या दुकानामागं आमच्या संघटनेची खोली आहे. एक टेबल, एक बाक, पत्रकांचे गठ्ठे. दहा वर्षं मी त्या टेबलामागं बसतोय. पहिलं घर घेऊ बघणाऱ्यांचे कागद वाचायचे आणि 'घ्या' किंवा 'घेऊ नका' एवढं सांगायचं. मी वकील नाही. बी.ए. आहे, तेही रखडत झालेलो. पण सातबारा वाचायला लागते ती अक्कल वेगळी, आणि ती मला तलाठ्याच्या ओट्यावर बसून बसून आली.

येतात ती बहुतेक नवी जोडपी. लग्नाला चार-पाच वर्षं झालेली, एखादं लेकरू कडेवर. नवरा लोखंडाच्या कारखान्यात, नाहीतर बियाण्याच्या कंपनीत, नाहीतर धान्याच्या मोंढ्यात. कागदांची पिशवी बायकोच्या हातात आणि बोलणं नवऱ्याच्या तोंडी. दहा वर्षांत हे उलटं झालेलं मी तीनदा पाहिलं.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. जमीन कोणाच्या नावावर आहे ते सातबारा सांगतो. ती त्याच्याकडं कशी आली ते फेरफार सांगतो. शेतावर घर बांधायची परवानगी आहे की नाही ते बिगरशेतीचा, म्हणजे लोकांच्या तोंडी एनएचा, हुकूम सांगतो. हे सगळं असेल तर खरेदीखत रजिस्ट्री ऑफिसात नोंदवता येतं. असे प्लॉट महाग. म्हणून आमच्याकडं चलती आहे ती बॉन्डवरच्या प्लॉटांची. एखादा माणूस गावाला लागून असलेलं शेत घेतो, चुन्याच्या रेघा मारतो, आणि एकेक तुकडा स्टँपपेपरवर लिहून विकतो. लिहून देणार अमुक, लिहून घेणार तमुक, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का. शिक्का लाल, गोल आणि बिनकामाचा. सातबाऱ्यावर नाव मूळ मालकाचंच राहतं. उद्या त्यानं किंवा त्याच्या पोरानं 'कोण तुम्ही?' असं विचारलं की यांच्याकडं दाखवायला फक्त तो लाल गोल.

सगळ्या कागदात लोकांना आवडणारी जागा एकच, चतुःसीमा. पूर्वेस अमक्याचा प्लॉट, पश्चिमेस तमक्याचा, उत्तरेस रस्ता, दक्षिणेस ओढा. मी फेरफार समजावत असतो तेव्हा ही माणसं जांभया देतात. चतुःसीमा वाचायला लागलो की बायको बाकावरून पुढं सरकते. "पुन्हा एकदा वाचा," म्हणते. तिच्या डोक्यात दार कोणत्या अंगाला, चूल कुठं, कपड्याची दोरी कुठून कुठं, हे सुरू झालेलं असतं.

एक जोडपं कागदाऐवजी फोटोच घेऊन आलं होतं. रिकाम्या रानात दोघं उभे, मागं एरंडाचं झुडूप. "कागद कुठाय?" विचारलं तर नवरा म्हणाला, "हाच की. आम्ही उभे हाओत ना प्लॉटात. मालकानंच काढून देला." पाडव्याला त्या प्लॉटवर तीन जोडपी तीन नारळ घेऊन भूमिपूजनाला आली. मालकानं तिघांचाही फोटो त्याच एरंडाजवळ काढला होता. भांडण झालं नाही याचं मला अजून नवल वाटतं. तिघींनी आपापला नारळ फोडला, खोबरं एकमेकींना दिलं आणि मग तिघी रडायला बसल्या.

दुसऱ्या एकाला बापानं प्लॉट घेऊन दिला होता आणि 'पोराच्याच नावावर केलाय' असं गावभर सांगितलं होतं.

"कागद?" मी विचारलं.

"आबाच्या पेटीत."

"पेटीची किल्ली?"

"आबाच्या करदोड्याला."

"मग आबांना म्हणा, एक झेरॉक्स द्या."

त्यानं बायकोकडं पाहिलं. बायको म्हणाली, "सर, आबा आंघोळीलाबी करदोडा सोडीत न्हाईत."

हसू आलं असेल तर हसून घ्या. कारण माझं म्हणणं पुढं आहे. पगारावर जगणाऱ्या तरुण जोडप्याला आमच्याकडं स्वतःच्या बळावर पहिलं घर होत नाही, आणि घरच्यांची मदत फुकट मिळत नाही. प्रत्येक मदतीत काहीतरी ठेवून घेतलेलं असतं. कुठं पेटीची किल्ली, कुठं सुनेची नोकरी, कुठं 'आम्ही सांगू तेव्हा आम्हाला ठेवून घ्यायचं' असला करार. आणि मदत बायकोच्या माहेरची असेल तर ठेवून घेतात ती सही.

त्या सहीला हक्कसोड म्हणतात. बाप गेला की वारसाच्या फेरफारात लेकींचीही नावं लागतात. कायदाच तसा आहे. मग भाऊ बहिणींना जीपमध्ये घालून रजिस्ट्री ऑफिसात नेतात. 'आम्ही राजीखुशीने आमचा हक्क सोडत आहोत' अशा कागदावर त्या सही नाहीतर अंगठा देतात. भावजय तिथंच कुंकू लावून साडीचोळी करते आणि सगळे मिळून हॉटेलात भजे खातात. याला कोणी लूट म्हणत नाही. रीत म्हणतात. जी सही करत नाही तिला पुन्हा माहेर नाही.

मी लूट म्हणत होतो. 'बहिणींनो, सही करू नका!' हे गुलाबी कागदावरचं पत्रक माझंच. भोकरदनपासून परतूरपर्यंत मी ते स्टँडवर उभं राहून वाटलंय.

मंगल आणि भगवान माझ्याकडं आले ते या दिवसांत.

भगवान रोलिंग मिलमध्ये होता. दोन्ही हातांवर ठिणग्यांचे डाग. त्याचा बाप मेंढरामागं जिंदगी काढलेला माणूस. "आमच्या घराला भिंतीच नव्हत्या तर वाटणी कशाची व्हणार," असं तो हसत सांगायचा. मंगल वाटूरच्या बाजूची, शेतकऱ्याची लेक. वडील आदल्या वर्षी गेले होते. मागं आई, दोन भाऊ आणि विहिरीवर भिजणारी जमीन.

जुन्या जालन्यात ती दोघं मालकाच्या छतावरच्या पत्र्याच्या खोलीत राहायची. खाली मालक. वर पाय वाजले की मालकीण खालून काठीनं छताला ठोकायची. त्यामुळं त्यांची चार वर्षांची पोर, सोनी, चवड्यांवर चालायला शिकली होती. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या ऑफिसात. फरशीवर, जिथं खाली कोणी राहत नव्हतं, तिथंही ती टाचा उचलून चालत होती. मला वाटलं पायात काही दोष आहे.

"दोष न्हाई दादा," मंगल म्हणाली, "भाड्याची खोली हाय."

बोलणारी तीच होती. नवऱ्याऐवजी स्वतः बोलणाऱ्या ज्या तिघी मी पाहिल्या, त्यांतली एक. तिनं पिशवीतून कागद काढले. "प्लॉट बघा. बराबर हाय का तेवढं सांगा."

प्लॉट बरोबर होता. वीस बाय तीस, एनए झालेला, नकाशा मंजूर, मालक एकच. वर्षातून एखादा असा कागद माझ्या टेबलावर येतो. मी चतुःसीमा वाचली. पूर्वेस एका मास्तरांचा प्लॉट, पश्चिमेस एका कंपाउंडरचा, उत्तरेस रस्ता, दक्षिणेस मोकळी जागा. तिनं पुन्हा वाचायला लावली.

"मोकळी जागा म्हंजे पोरीला खेळायला," ती भगवानला म्हणाली.

"घ्या," मी म्हणालो. "डोळे मिटून घ्या."

माझं काम तिथं संपलं होतं. पण मी विचारलं, "पैसे कोण देतंय?"

"माझे भाऊ देऊन राह्यलेत."

"कशाच्या बदल्यात?"

"बदल्यात कामून? बहीण हाय मी त्यांची."

भगवान खाली बघत म्हणाला, "सोमवारी परतूरला सही हाय."

मग मी सुटलो. बापाच्या जमिनीत तुमचा हिस्सा आहे, विहिरीत आहे, बांधावरच्या आंब्यातही आहे. किती ते वकील सांगेल, पण या वीस बाय तीसच्या कितीतरी पट आहे. हा प्लॉट देऊन भाऊ तुम्हाला मदत करत नाहीत, तुमचंच तुम्हाला चिमूटभर परत करतायत. सगळं खरं होतं. आजही खरं आहे.

मंगल म्हणाली, "मला हिस्सा नको दादा. मला घर पायजे."

"हिस्सा घ्या, घर त्यातून आपोआप होईल," मी म्हणालो.

आपोआप! वर्षानुवर्षं इतरांच्या घराचे कागद वाचणारा माणूस मी, आणि हा शब्द माझ्या तोंडून आला. तिनं गुलाबी पत्रक दोनदा वाचलं, घडी करून पिशवीत ठेवलं. जाताना पोरीला म्हणाली, "चल सोने, हळू."

सोमवारी मी परतूरला गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं.

रजिस्ट्री ऑफिसच्या बाहेर ही मंडळी बसली होती. थोरला भाऊ, ज्याला सगळे अण्णा म्हणतात, धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत. भावजयीच्या मांडीवर साडीचा डबा. आई पायरीवर. धाकटा भाऊ पानटपरीवर. नाव पुकारलं तसे सगळे आत गेले. मंगलनं पेन हातात घेतला आणि तशीच थांबली.

"काय गं," अण्णा म्हणाला, "पेन चालंना का?"

"पेन चालून राह्यलाय. मी सही करत न्हाई अण्णा."

त्याला वाटलं थट्टा आहे. तो हसलासुद्धा. मंगलनं पेन खाली ठेवला. भावजय म्हणाली, "साडी आवडली न्हाई का बाई? बदलून देतेत की." तिनं टोमणा मारला की खरंच विचारलं, ते मला अजून कळलेलं नाही.

अण्णाची नजर माझ्यावर आली. "हे कोन? दाजी, तुमचे पाव्हणे का?"

भगवानच्या आधी मी बोललो. कायद्याचं नाव, कलम, सगळं. अण्णानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"नेते, तुम्हाला बहीण हाय का?"

"आहे."

"सातबाऱ्यावर नाव हाय तिचं?"

"विषय तो नाही."

"मंग कोन्ता हाय?"

मागं कोणीतरी फिसकन हसलं. मी पुन्हा कलम सांगितलं. पण इथं लिहून टाकतो, कारण तिथं बोललो नाही. आमची जमीन भोकरदनकडं आहे. वडील गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. माझ्या अक्कानं हक्कसोडवर सही केली तेव्हा साडीचा डबा जीपमध्ये माझ्याच मांडीवर होता, आणि भजे मी दोन प्लेटा खाल्ले होते. मी पगाराशिवाय दहा वर्षं लोकांचे कागद वाचू शकलो ते घरून, थोरल्या भावाकडून, येणाऱ्या धान्यावर. म्हणजे माझी चळवळ अक्काच्या त्या सहीवर चालली होती.

परतूरहून मंगल माझ्याशी न बोलता गेली. मला वाटलं, लढणारी माणसं अशीच गप्प असतात.

तीन आठवड्यांनी तिची आई जालन्याला आली. एकटी, एस.टी.नं, तुरीच्या डाळीची पिशवी घेऊन. भगवाननं मला खोलीवर बोलावून घेतलं. पत्रा तापलेला. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती आणि सोनी तिच्याभोवती चवड्यांवर फिरत होती. म्हातारी बराच वेळ नातीच्या पायाकडंच बघत होती.

मग तिनं सांगितलं. अण्णा नरमलाय. प्लॉट मंगलच्याच नावानं घ्यायचा. विहिरीजवळचा एक पट्टा आईच्या नावावर ठेवायचा, आईनंतर तो मंगलचा. बाकीच्यावर मंगलनं सही द्यायची. हे सगळं अण्णाच्या तोंडून अजून आलेलं नव्हतं, पण येऊ घातलं होतं. "त्यो अर्ध्या रस्त्याला आलाय," म्हातारी म्हणाली. "त्याला त्याच्या पायानं येऊ द्या. कोनी वढू नका."

मंगल पदरानं डोळे पुसत होती. घर होत होतं आणि माहेर राहत होतं. मला वाटतं, तिला एवढंच पाहिजे होतं, आणि ते कोणत्याच पत्रकात नव्हतं.

म्हातारी माझ्याकडं वळली. "लेकरा, तू लई हुशार हायेस. दोन महिने हुशारी करू नको."

"नाही करणार," मी म्हणालो.

तेव्हा माझं नवं पत्रक प्रेसमध्ये होतं. थांबवता आलं असतं. प्रेस आमच्या खोलीपासून दोन दुकानं सोडून होता. मी स्वतःला सांगितलं, त्यात नाव कुठं आहे? 'वाटूर परिसरातील एक भगिनी' एवढंच तर आहे. पुढच्या आठवड्यात सभा होती. परतूरसारखा प्रसंग वर्षानुवर्षं मिळत नाही, तो वाया घालवायचा का? पत्रकाचं डोकं मीच लिहिलं होतं: 'भावांच्या साडीला लाथ मारणाऱ्या भगिनीला सलाम!'

तिनं लाथ मारली नव्हती. तिनं साडीला हातसुद्धा लावला नव्हता. पण 'नम्रपणे नकार देणाऱ्या' असं लिहिलं तर पत्रक कोण वाचतं?

आमच्या कार्यकर्त्यांनी ते वाटूरफाट्यावर बाजाराच्या दिवशी वाटलं. नाव नव्हतं, पण बाकीचे तपशील मीच भरले होते: बाप गेल्या वर्षी वारलेला, भाऊ दोन, नवरा जालन्यात लोखंडाच्या कारखान्यात. एवढ्या माहितीवर वाटूरच्या बाजारात तुम्ही बैलसुद्धा ओळखून काढाल.

पुढचं मला भगवाननं सांगितलं. अण्णा जालन्याला आला, जिना चढून वर आला आणि उंबऱ्याबाहेर थांबला. "आत या," म्हटलं तरी आला नाही. खिशातून पत्रक काढून त्यानं मंगलच्या हातात दिलं.

"बाई, मी तुला साडी घेतली, तर तू लाथ मारली का?"

"न्हाई अण्णा."

"मंग हे खोटं छापलंय?"

"मी न्हाई छापलं."

"तू न्हाई छापलं ते कळतंय मला. पन लोक बाजारात इचारून राह्यलेत, अण्णा, लाथ कुठं लागली? त्यांला काय दाखवू?"

सोनी पाण्याचा तांब्या घेऊन आली, चवड्यांवर, न सांडता. अण्णानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. पाणी घेतलं नाही. "दिवाळीला मुराळी यायचा न्हाई," तो म्हणाला, "वाट पाहू नको." आमच्याकडं लेकीला सणाला आणायला माहेरचं माणूस जातं, तो मुराळी. तो येणार नाही म्हटलं की पुढं सांगायला काही उरत नाही.

प्लॉटचा सौदा भावांनी मोडला. विहिरीजवळच्या पट्ट्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

मी मंगलकडं गेलो आणि म्हणालो, दावा लावू, वाटणीचा. वकील आपला आहे. तिनं विचारलं, "दाव्यात कोन कोन ऱ्हातं?" मी सांगितलं, सगळे वारस. हिस्सा मागणारी एकीकडं, बाकीचे दुसरीकडं.

"म्हंजे माय माझ्या विरोधात?"

"फक्त कागदोपत्री."

"तुमचं समदं कागदोपत्रीच असतं सर."

त्या दिवसापासून ती मला सर म्हणायला लागली. दादा म्हणणं तिनं सोडून दिलं. दावा लावला नाही.

दोन दिवाळ्या मुराळी आला नाही. त्यातच तिचं दुसरं बाळंतपण झालं, इथंच सरकारी दवाखान्यात, माहेरचं कोणी नसताना. मुलगा झाला. भाऊबीजेला, भगवान सांगत होता, तिनं ताट केलं आणि गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळलं. ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. हिचे दोन भाऊ दोन तासांच्या रस्त्यावर जिवंत होते.

मी त्या काळात पुष्कळ सभा घेतल्या. त्या पत्रकाची दुसरी आवृत्ती निघणार होती. मी काढू दिली नाही. पण का काढू देत नाही ते सोबत्यांना सांगितलं नाही. 'कागद महाग झाला' म्हणालो.

तिसऱ्या वर्षी धाकट्या भावाचं लग्न ठरलं. आईचा निरोप आला, सही कर आणि ये. मंगल माझ्याकडं आली. टेबलावर कागद ठेवला.

"वाचून द्या. तुमचंच काम हाय ना हे."

तो हक्कसोडचा मसुदा होता. मी वाचला. 'राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, कोणताही मोबदला न घेता...'

"थांबा," ती म्हणाली. "मोबदला न घेता. हे बिलकुल खरं लिव्हलंय."

मी म्हणालो, "थोडं थांबता का? प्लॉटचं पुन्हा बोलून बघू."

"थांबले व्हते की सर. तुमच्याच सांगन्यावरून थांबले व्हते."

तिनं सही केली. प्लॉट नाही, पट्टा नाही. लग्नात भावजयीनं साडी नेसवली. कदाचित तीच असेल. भगवान म्हणाला, चांगलं झालं लग्न, अण्णा माझ्याशीबी बोलला. आता दिवाळीला मुराळी येतो.

तेव्हा मी अक्काच्या घरी गेलो. मोठ्या निश्चयानं गेलो होतो. ती भाकरी थापत होती. म्हणालो, अक्का, तुझं नाव पुन्हा सातबाऱ्यावर लावू. तिचा हात थांबला.

"कामून? मी तुला ओवाळायचं न्हाई का?"

"तसं नाही गं."

"थोरल्याला कळलं का हे, तू काय बोलून राह्यला ते?"

"अजून नाही."

"मंग गप जेव. आन तुझी पत्रकं माझ्या घरात आणू नको."

मी जेवलो. नाव अजून लागलेलं नाही. तिची भीती खरी आहे हे मला माहीत आहे, आणि ती भीती माझ्या सोयीची आहे हेही.

यंदाच्या उन्हाळ्यात मंगल आणि भगवान पुन्हा आले. तीच पिशवी. आत स्टँपपेपर, लाल गोल शिक्का. एमआयडीसीच्याही पलीकडं, कोणाच्या तरी शेताचा तुकडा. एनए नाही. सातबारा भलत्याच माणसाच्या नावावर. रस्ता फक्त चुन्याचा. असा कागद आला की मी तो मिटून परत देतो आणि म्हणतो, घेऊ नका. हजारदा म्हटलंय.

मी तोंड उघडायच्या आत मंगल म्हणाली, "ते समदं ठावं हाय मला, सर. बराबर न्हाई ते मलाबी वाचता येतं आता. तुम्ही फक्त चतुःसीमा वाचा."

मी वरपासून वाचायला लागलो. लिहून देणार अमुक. लिहून घेणार, मंगल भ्र. (म्हणजे भ्रतार) भगवान. एकटीचं नाव.

"तुमच्या पत्रकात व्हतं ना," भगवान म्हणाला, "घर बाईच्या नावावर करा म्हणून." टोमणा नव्हता. त्याला मी खूश व्हावं असं वाटत होतं.

चतुःसीमा वाचली. पूर्वेस याच गटातला प्लॉट, पश्चिमेस याच गटातला प्लॉट, उत्तरेस नियोजित रस्ता, दक्षिणेस नाला.

"नाला म्हंजे पावसात पानी आत येईल," मंगल म्हणाली.

"येईल."

"येऊ द्या." तिनं कागद घडी करून पिशवीत घातला. कडेवरच्या पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "उद्या सोनी मोठी होईल, लगन होईल. ह्या भावासाठी सही द्यायला तिच्याकडं तरी काही पायजे का न्हाई?"

हे ती हसत म्हणाली. मी 'घ्या' म्हणालो नाही. 'घेऊ नका'ही म्हणालो नाही. दहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या टेबलावरून एक कागद उत्तराशिवाय परत गेला.

त्यांनी मला प्लॉट बघायला नेलं. शेअर रिक्षा जिथपर्यंत जाते तिथून पुढं पायी. कपाशी काढलेलं रान, चार कोपऱ्यांना चार दगड, नाल्यात प्लास्टिक. भगवान दार कुठं, मोरी कुठं ते पावलं टाकून दाखवत होता. सोनी आता आठ वर्षांची आहे. ती दगडाजवळ उभी होती.

"पळ की गं," मंगल तिला म्हणाली. "पळ. आपलंच हाय."

पोरीनं एकदा पायाखालच्या मातीकडं पाहिलं, कान देऊन. मग टाचा उचलून, आवाज होऊ न देता, ती नाल्याच्या बाजूला चालत गेली.